रॉकेलाचा हिशेब

बदलीच्या हुकुमाबरोबर बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग ज्यांच्यावर वारंवार येई, त्या मराठी कुटुंबांच्या सामानात एके काळी दोन वस्तू हमखास असत : देवांची पेटी आणि पितळी स्टोव्ह. नव्या गावी लाकडाची वखार कोठे आहे, कोळसा कोण देतो, याचा पत्ता लागेपर्यंत चहा आणि पिठलेभात त्या तीन पायांच्या यंत्रावरच होई. त्याचा पंप, त्याची पिन, त्याचे चामडी वायसर आणि त्याची फरफर घरातल्या लहान मुलालाही परिचयाची होती. स्वयंपाकाचा गॅस आला आणि स्टोव्ह माळ्यावर गेला. पण 'याला रॉकेल फार लागते' ही गृहिणींची तक्रार त्या पिढीच्या कानांत अजून असेल. तक्रार आली की प्रथम वायसर तपासावयाचे, मग निपल पाहावयाचे, आणि दोन्ही ठीक निघाली तर संशय यावयाचा तो रॉकेल आणणाऱ्या गड्यावर.

घरगुती वाटणाऱ्या याच तक्रारीने ध्रुवप्रदेशाच्या संशोधनाच्या इतिहासातील एक अत्यंत करुण प्रकरण घडविले आहे. तेथेही स्टोव्ह हाच होता, तेलही हेच होते, चामड्याचे वायसरही होते. इतकेच नव्हे, तर निष्कारण संशय सोसणारी माणसेही होती. फरक इतकाच की तेथे रॉकेल कमी पडल्यावर शेजारच्या घरी बाटली घेऊन जाण्याची सोय नव्हती.

प्रवासी स्टोव्हला तेल का जास्त लागते, या प्रश्नाला वस्तुतः चार उत्तरे आहेत. तेल ज्योतीत वाया जाते, भांड्याभोवती वाया जाते, डब्यातून वाया जाते, किंवा मुळात हिशेबच चुकलेला असतो. ही चारही उत्तरे मानवाला एकदम सापडली नाहीत. ती सापडण्यास १८८८ ते १९५३ अशी पासष्ट वर्षे लागली, आणि त्यांतील एकाची किंमत पाच माणसांच्या प्राणांनी द्यावी लागली.

१८८८ साली फ्रिटयॉफ नान्सेन या तरुण नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने पाच सहकाऱ्यांसह ग्रीनलंडचे हिमपठार पूर्वेकडून पश्चिमेकडे प्रथमच ओलांडले. या प्रवासात त्याच्याजवळ स्पिरिटवर चालणारी चूल होती. चूल होती, परंतु स्पिरिट मोजके होते. आणि हजारो चौरस मैल पसरलेल्या बर्फावर चालणारी ही सहा माणसे तहानेने कासावीस झाली. बर्फ भरलेल्या चपट्या बाटल्या अंगरख्याच्या आत छातीशी धरून शरीराच्या उबेने घोटभर पाणी मिळविण्याचा उद्योग त्यांना करावा लागला. आपल्याकडील वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. पण हिमप्रदेश हे एका अर्थी वाळवंटच होय. तेथे पाणी विपुल असते, परंतु ते विस्तवावाचून पिता येत नाही.

याचे गणित सोपे आहे. उणे ३० अंश सेल्सिअसचे एक किलो बर्फ शून्य अंशापर्यंत आणावयास सुमारे १५ किलोकॅलरी उष्णता लागते. ते वितळण्यास ८०, आणि झालेले पाणी उकळावयास आणखी १००. म्हणजे एकूण १९५ पैकी ९५ किलोकॅलरी पाणी कोमट होण्याच्याही आधी खर्ची पडतात. एक ग्रॅम रॉकेल पूर्ण जळाल्यास सुमारे दहा किलोकॅलरी उष्णता मिळते. तेव्हा सर्व उष्णता भांड्यातच गेली, तर किलोभर बर्फाचे उकळते पाणी वीस ग्रॅम तेलात व्हावे. तथापि उघड्यावर, वाऱ्यात, झाकणाविना ठेवलेल्या भांड्याला ज्योतीची निम्मी उष्णताही मिळत नाही. उरलेली भांड्याच्या कडांवरून आकाशात जाते. ज्याला आपण 'स्टोव्ह तेल खातो' असे म्हणतो, ते पुष्कळदा स्टोव्हचे खाणे नसून आकाशाचे खाणे असते.

ग्रीनलंडहून परतल्यावर नान्सेनने या प्रश्नाचा विचार केला, आणि पुढे त्याच्याच नावाने प्रसिद्ध झालेली चूल तयार झाली. तिची कल्पना आपल्या पाणी तापविण्याच्या बंबाची आठवण करून देणारी आहे. मध्यभागी अन्नाचे भांडे, त्याच्याभोवती कड्यासारखे पोकळ दुसरे भांडे, वर आणखी एक, आणि या सर्वांवर टोपण. ज्योतीचे तप्त वायू आधी मधल्या भांड्याच्या बुडाला लागत, मग त्याच्या बाजूंनी वर चढत, मग बाहेरच्या आणि वरच्या भांड्यांतील बर्फ वितळवीत आणि बरेचसे थंड होऊनच बाहेर पडत. आत जेवण शिजत असतानाच बाहेर पिण्याचे पाणी तयार होई. भांड्याभोवतीची गळती अशा रीतीने बंद झाली.

ज्योतीतील गळती बंद करण्याचे श्रेय स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या कारागिराकडे जाते. १८९२ साली त्याचा वातीविना जळणारा प्रायमस स्टोव्ह पुढे आला. वातीच्या दिव्यात तेल द्रवरूपानेच ज्योतीपर्यंत चढते, अर्धवट जळते आणि काजळी धरते. प्रायमसमध्ये पंपाने टाकीत हवा भरली की तिच्या दाबाने रॉकेल नळीतून तापलेल्या बर्नरमध्ये चढते, तेथे त्याची वाफ होते, ती वाफ निपलच्या केसाएवढ्या छिद्रातून जोराने सुटते आणि हवेत मिसळून निळ्या ज्योतीने जळते. आरंभी बर्नर तापविण्यासाठी वाटीत स्पिरिट जाळावयाचे, कारण थंड बर्नरमध्ये वाफ होत नाही. द्रवरूप तेलच वर येते आणि पिवळा भडका उडतो.

या रचनेतच तिचे दोषही सांगितलेले आहेत. पिवळी ज्योत आणि भांड्याच्या बुडाला धरणारी काजळी म्हणजे न जळालेले तेल. बर्नर पुरता तापला नसेल, निपलचे छिद्र वारंवार जाड पिन घालून मोठे झाले असेल, किंवा बर्नरच्या सांध्यातून वाफ भलत्याच वाटेने निसटत असेल, तर असे होते. पंपाचे चामडे वाळून आकसले की हवा भरत नाही, ज्योत मंद राहते, आणि दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागतो. त्या चामड्याला तेलाचे बोट लावले की ते पुन्हा फुगते. उलट हवा अति भरली, तर ज्योत भांड्याच्या बाहेर पसरते आणि नान्सेनची चूल नसेल, तर पुन्हा आकाशच तापते. मोठा आवाज म्हणजे मोठी शक्ती ही समजूत, अन्य क्षेत्रांप्रमाणेच, स्टोव्हच्या बाबतीतही खोटी आहे.

हे दोन शोध एकत्र आले आणि त्यांची परीक्षा लगेच झाली. १४ मार्च १८९५ रोजी नान्सेन आणि यालमार योहानसेन हे दोघे बर्फात अडकलेले 'फ्राम' जहाज सोडून उत्तर ध्रुवाच्या दिशेने निघाले, आणि एप्रिलमध्ये ८६ अंश १४ कला या अक्षांशापर्यंत पोहोचले. तोपर्यंत इतक्या उत्तरेस कोणीही गेले नव्हते. त्यांनी बरोबर घेतलेले रॉकेल चार गॅलनांहून थोडेच अधिक होते. तेवढ्यावर त्यांनी सुमारे १२० दिवस, दिवसातून दोन वेळा गरम जेवण केले आणि पोटभर पाणी प्यायले. दोन माणसांना दिवसाकाठी दीड कप तेलही लागले नाही. सात वर्षांपूर्वी बाटली छातीशी धरून बसलेल्या माणसाने तहानेवर मिळविलेला हा विजय अक्षांशाच्या विक्रमापेक्षा कमी मोलाचा नव्हता. त्यानंतर ध्रुवप्रदेशात जाणारी बहुतेक प्रत्येक तुकडी नान्सेनची चूल आणि तिच्याखाली प्रायमस घेऊनच निघू लागली.

रॉबर्ट फाल्कन स्कॉट याच्याजवळही १९११ साली हीच जोडी होती. त्यामुळे त्याच्या तुकडीला तेल कमी पडले ते ज्योतीत किंवा भांड्याभोवती नव्हे. ते कोठे गेले हे समजण्यासाठी आणखी थोडे मागे जावे लागते.

स्कॉटची पहिली दक्षिण मोहीम 'डिस्कव्हरी' जहाजाची, १९०१ ते १९०४ ची. तिच्यात रॉकेलाच्या डब्यांना बुचे होती, आणि ती बुचे कामाची नाहीत असा त्याला स्वतःला अनुभव आला. रॉकेलाचा एक स्वभाव असा की ते सूक्ष्म फटीतून पाझरत वर चढते आणि बाहेरून डबा ओला करून उडून जाते. घसरगाडी खडबडीत बर्फावरून आपटत चालली की ही नासाडी वाढते. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्कॉटने हा दोष स्पष्ट नमूद केला आहे. पुढच्या मोहिमेत बुचांऐवजी फिरकीची झाकणे आणि त्यांच्या आत चामड्याची वायसरे आली. म्हणजे दोषाची नोंद झाली, नोंदीवर कार्यवाहीही झाली. राहिले ते एवढेच की, नवे झाकण महिनोन् महिने कडाक्याच्या थंडीत आणि उन्हाळ्याच्या अखंड उन्हात टिकते किंवा नाही याची पडताळणी झाली नाही. दफ्तराशी ज्यांचा संबंध येतो, त्यांना या वाक्याचा अर्थ अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही.

हे डबे परतीच्या वाटेवरील साठ्यांत बर्फाच्या ढिगाऱ्यांवर ठेवलेले होते. वर ठेवण्याचा हेतू चांगला होता. चटकन सापडावेत हा. परंतु उघड्यावर त्यांना ऊन लागे, आतील तेलाची वाफ होई, आणि थंडीने वाळून आकसलेल्या चामड्याशेजारून ती निघून जाई. डब्याला छिद्र नाही, झाकण घट्ट, आणि आत तेल मात्र कमी.

दुसरा दोष हिशेबातला होता. मोहिमेची सर्व व्यवस्था चार-चार माणसांच्या तुकड्यांनुसार आखलेली होती. ४ जानेवारी १९१२ रोजी शेवटची साहाय्यक तुकडी परत फिरली, तेव्हा स्कॉटने पुढे चौघांऐवजी पाच जण नेले. दुसऱ्याच दिवशी त्याच्या रोजनिशीत नोंद आली की, पाच जणांचा स्वयंपाक करावयास चौघांपेक्षा बराच अधिक वेळ लागतो. दिवसाकाठी कदाचित अर्धा तास. अर्धा तास स्टोव्ह जास्त चालतो म्हणजे तेवढे तेल जास्त जळते, ही गोष्ट उघड होती. तथापि निर्णय होऊन गेला होता.

१७ जानेवारीला ते दक्षिण ध्रुवावर पोहोचले. रोआल्ड आमुन्सेनच्या तुकडीने १४ डिसेंबर १९११ रोजीच तेथे आपले निशाण रोवलेले होते. परतीच्या वाटेवर १७ फेब्रुवारीला एडगर इव्हान्सचा मृत्यू झाला. २४ फेब्रुवारीला उरलेले चौघे बॅरिअरवरील दक्षिणेकडच्या साठ्याला आले. सामान सारे जागच्या जागी होते. कमी होते ते फक्त तेल. मार्चच्या आरंभी मधला साठा लागला, तेथे तुटवडा अधिकच होता. पुढचा साठा सुमारे सत्तर मैलांवर आणि तेल मात्र तेथवर कसेबसे पुरेल एवढे. तापमान उणे चाळीस अंशांच्या आसपास उतरू लागले होते. माउंट हूपरचा साठा लागला तेव्हाही निराशाच झाली.

तेल कमी म्हणजे नुसते गार जेवण नव्हे. तेल कमी म्हणजे पाणी कमी. रात्री ओले झालेले मोजे वाळत नाहीत. सकाळी दगडासारखे झालेले जोडे पायांत चढविण्यात तास जातात. हिमदंशाने सुजलेल्या पायांना ऊब मिळत नाही. आणि वेग मंदावला की पुढील साठा आणखी एक दिवस लांब जातो, त्या दिवसाला पुन्हा तेल लागते. मार्चच्या मध्यास कॅप्टन ओट्स आपल्यामुळे इतरांचा वेग खुंटतो हे जाणून वादळात तंबूबाहेर गेला, तो परतला नाही. स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स 'वन टन' साठ्यापासून अवघ्या ११ सागरी मैलांवर असताना वादळाने त्यांना कोंडले. त्या वेळी त्यांच्याजवळ एका गरम जेवणापुरते इंधन आणि दोन दिवसांचे अन्न होते. अन्न इंधनापेक्षा अधिक टिकले, ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रोजनिशीची शेवटची नोंद २९ मार्चची आहे. तंबू सापडला तो १२ नोव्हेंबर १९१२ रोजी.

या मृत्यूंना एकटे रॉकेल कारण झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या मार्चमध्ये थंडी असाधारण होती, आहार अपुरा होता, माणसे थकलेली होती. पण जगासाठी लिहिलेल्या अखेरच्या निवेदनात स्कॉटने ज्या कारणांचा उल्लेख केला, त्यांत साठ्यांतील इंधनाच्या तुटीचा समावेश आहे, आणि तिचा उलगडा आपणास होत नाही असेही त्याने म्हटले. या उलगडा न झालेल्या तुटीतून एक कटू प्रश्न उभा राहिला. त्याच साठ्यांवरून पूर्वी परतलेल्या तुकड्यांनी आपल्या वाट्यापेक्षा जास्त तेल तर घेतले नाही? त्या तुकड्यांपैकी एकीत अप्स्ले चेरी-गॅरार्ड हा तरुण होता. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने ग्वाही दिली की, कोणीही आपल्या वाट्याहून थेंबभर अधिक घेतला नव्हता.

सुदैवाने या ग्वाहीला पुरावा मिळाला. सप्टेंबर १९११ मध्ये मोहिमेच्या मुख्य तळावर, केप इव्हान्स येथे, रॉकेलाचे एकेक गॅलनचे आठ डबे एका लाकडी खोक्यात घालून बाहेर ठेवलेले होते. डिसेंबर १९१२ मध्ये ते बर्फातून उकरून काढले, तेव्हा तीन भरलेले, तीन रिकामे, एकात एक-तृतीयांश आणि एकात दोन-तृतीयांश तेल असे निघाले. त्यांना कोणी हात लावलेला नव्हता. आठ गॅलनांपैकी चार गॅलन तेल पंधरा महिन्यांत कोणाच्याही स्टोव्हमध्ये न जाता नाहीसे झाले होते. ज्याला अफरातफर समजले जाण्याचा संभव होता, ती केवळ गळती ठरली. तूट दिसली की माणसाचा संशय आधी घ्यावयाचा आणि डबा नंतर तपासावयाचा, हा क्रम किती घातक आहे, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

येथे आमुन्सेनकडे वळणे अपरिहार्य आहे. त्याच्याकडे डबे काही अलौकिक नव्हते. आपले डबे नाजूक निघाले, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. परंतु त्याच्या तुकडीत उलाव ब्यूलान हा कसबी सुतार आणि स्कीपटू होता. तो वाटेत वारंवार डाग देऊन डब्यांचे सांधे बंद करी, आणि त्यासाठी लागणारे कथील व डाग देण्याचे साहित्य त्यांनी बरोबर नेले होते. परिणामी तेल वाया गेले नाही. जानेवारी १९१२ मध्ये परतताना त्यांनी माउंट बेटी येथे दगडांची रास रचून तीत १७ लिटर रॉकेल आणि काड्यापेट्या मागे ठेवल्या. ते तेल त्यांना उरले होते. १९२९ च्या नाताळात लॉरेन्स गूल्ड या अमेरिकन भूशास्त्रज्ञाच्या तुकडीला ती रास सापडली. एका वाटेवर तेलाअभावी माणसे संपत असताना दुसऱ्या वाटेवर तेल उरत होते. आणि हा फरक शौर्यातला नव्हता. शौर्यात स्कॉटची माणसे कोणालाही हार जाणारी नव्हती. एका तुकडीत झाकण बदलले गेले. दुसऱ्या तुकडीत डबा रोज पाहिला गेला.

चौथी गळती, म्हणजे मूळ हिशेबातील चूक, पुरती ध्यानात आली ती हिमालयात. मे १९५२ मध्ये स्विस मोहिमेतील रेमाँ लँबेर आणि तेनसिंग नोर्गे यांनी एव्हरेस्टवर सुमारे ८,४०० मीटर उंचीवर एक रात्र काढली. त्यांच्याजवळ झोपण्याच्या पिशव्या नव्हत्या आणि स्टोव्हही नव्हता. मेणबत्तीच्या ज्योतीवर त्यांनी बर्फाचा तुकडा वितळवून घोटभर पाणी मिळविले. दुसऱ्या दिवशी ते सुमारे ८,६०० मीटरपर्यंत चढले आणि तेथून त्यांना परतावे लागले.

त्याच वर्षी चो ओयू येथे गेलेल्या ब्रिटिश मोहिमेबरोबर ग्रिफिथ प्यू हा शरीरशास्त्रज्ञ होता. विरळ आणि कोरड्या हवेत धापा टाकताना श्वासावाटेच शरीरातील पाणी किती जाते, याचे मोजमाप त्याने केले. अशा उंचीवर माणसाला दिवसाला तीन ते चार लिटर द्रव हवा, असा त्याचा निष्कर्ष निघाला. आणि स्विसांच्या माघारीचे एक कारण त्याने तहान हे सांगितले. तोपर्यंत गिर्यारोहक इंधनाचा हिशेब अन्नावरून करीत. तो पाण्यावरून करावयास हवा, हे प्यूचे खरे सांगणे होते. स्टोव्ह तेल जास्त खातो अशी तक्रार जेथे होई, तेथे पुष्कळदा स्टोव्ह योग्य तेवढेच खात असे; तेल मोजताना माणसाची तहान मोजलेली नसे. उंचीवर आणखी एक अडचण येते. समुद्रसपाटीच्या मापाने केलेल्या निपलमधून तेलाची वाफ तेवढीच सुटते, पण तिला जाळणारी हवा विरळ असते. म्हणून ज्योत पिवळी पडते. शिवाय दर तीनशे मीटर चढाला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो, आणि शिजावयास वेळ अधिक लागतो.

१९५३ च्या मोहिमेत प्यूच्या शिफारशीप्रमाणे इंधनाचे प्रमाण वाढविण्यात आले आणि उंचीवर नीट जळतील असे फेरफार स्टोव्हमध्ये करण्यात आले. २८ मेच्या रात्री सुमारे ८,५०० मीटरवरील शेवटच्या तंबूत एडमंड हिलरी आणि तेनसिंग यांच्याजवळ प्रायमस होता. रात्री आणि पहाटे दोघांनी लिंबाचे गोड गरम पाणी भरपूर प्यायले. हिलरीचे जोडे रात्रीतून गोठून लाकडासारखे झाले होते. ते त्याने त्याच स्टोव्हच्या ज्योतीवर धरून मऊ केले. एवढे तेल जोड्यांवर खर्चण्याची चैन स्कॉटला परवडली नसती. २९ मे रोजी सकाळी साडेअकरा वाजता दोघे शिखरावर होते. मेणबत्तीवर बर्फ वितळविणारे तेनसिंग पुढे १९५४ साली दार्जिलिंग येथे स्थापन झालेल्या हिमालयीन गिर्यारोहण संस्थेत क्षेत्र-प्रशिक्षणाचे पहिले संचालक झाले.

आता पदभ्रमणाचे स्टोव्ह हलके झाले आहेत, आणि आपल्यापैकी गढवालात, सिक्कीमात वा लडाखात नेमणुकीवर असलेल्यांच्या मुलांच्या पाठीवर ते दिसतात. त्यांच्याही तक्रारीचे मूळ याच चार जागी शोधावे. टाकी भरून, बंद करून, मोजून रात्रभर ठेवावी. सकाळी तेल घटले असेल तर दोष झाकणात वा वायसरात आहे. तेल घटले नाही आणि ज्योत पिवळी आहे, तर दोष निपलमध्ये वा बर्नर तापविण्यात आहे. ज्योत निळी आहे आणि तरीही लिटरभर पाण्याला वेळ लागतो, तर भांड्यावर झाकण ठेवावे, वाऱ्याला आडोसा करावा आणि ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ देऊ नये. कोरडे बर्फ रिकाम्या भांड्यात टाकण्याऐवजी तळाशी थोडे पाणी ठेवून त्यात ते हळूहळू घालावे. आणि हे सारे ठीक असूनही तेल पुरत नसेल, तर स्टोव्हला दोष न देता माणसे किती आणि त्यांना पाणी किती लागते, हे पुन्हा मोजावे.

मोठ्या मोहिमांचा इतिहास आपण निशाणांच्या आणि शिखरांच्या तारखांनी लक्षात ठेवतो. केप इव्हान्सच्या त्या आठ डब्यांची नोंद मात्र त्याच इतिहासात, एका परिशिष्टाएवढ्या जागेत पडून आहे. दोन बोटे रुंदीच्या चामड्याच्या चकतीने जे नेले, ते परत आणण्याचे सामर्थ्य कोणाच्याही धैर्यात नव्हते. पण निघण्यापूर्वी ती चकती एकदा तपासून पाहण्याचे सामर्थ्य कोणाच्याही हातात होते.